म्हणजे रुमाल

भोकर मागं पडलं तरी धम्मप्रिया सोनकांबळेनं हातातला कागद पिशवीत ठेवला नव्हता. आज नांदेडला जिल्ह्यातल्या शाळांचा गौरव समारंभ होता आणि सूत्रसंचालन तिच्याकडं होतं. किनवट तालुक्यात कुठलाही कार्यक्रम असो, माइक धम्मप्रिया मॅडमच्या हातात, हे ठरलेलंच. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ, आणि पाहुण्यांची पदं ती कधी चुकत नसे. कागदावरचं सगळं तिला किनवट सुटायच्या आतच पाठ झालं होतं. तरी डोळे एकाच ओळीवर जाऊन बसत होते. हाकललं की पुन्हा तिथंच, गुळावरच्या माशीसारखे.

गुणवंत शाळांचा सत्कार आणि साहेबांचं भाषण यांच्या मधली ती ओळ होती. ‘क श्रेणीतील शाळांच्या मुख्याध्यापकांची नावे वाचणे. संबंधितांनी जागेवर उभे राहावे.’

नावं वाचायची सूत्रसंचालकानं. आणि पहिलंच नाव होतं, पळसतांडा शाळेच्या मुख्याध्यापिका, धम्मप्रिया सोनकांबळे.

ज्यानं कार्यक्रम आखला त्याच्या हे ध्यानात आलं नसेल, असं तिला वाटलं. मग वाटलं, आलंही असेल.

दिवाळीनंतर राज्यभर वाचनाची पाहणी झाली होती. बाहेरच्या एका संस्थेची तरुण मुलं टॅब घेऊन गावोगाव फिरली. दुसरीच्या लेकराला टॅबवर चित्रं दाखवायची, लेकरानं त्यांची नावं सांगायची. नावं बरोबर आली तरच पुढं वाचायचा उतारा उघडायचा. पळसतांड्याच्या एकाही लेकरापुढं तो उतारा उघडला नाही. जी लेकरं एसटीच्या पाट्या आणि खताच्या पोत्यावरची अक्षरं वाचत हिंडत होती, ती सगळी ‘वाचता न येणारी’ म्हणून नोंदली गेली.

याला कारण धम्मप्रियाच होती. तिला ते ठाऊक होतं, म्हणून तर झोप उडाली होती.

चाकूरहून बदली होऊन ती या बंजारा वस्तीवर आली तेव्हा पहिला महिना वर्गात एकच आवाज होता, तिचा. लेकरं भिंतीला टेकून बसायची आणि तोंड उघडायची ती फक्त खिचडीला. एक दिवस समीक्षा आडे नावाची पोरगी पुस्तकातल्या भाकरीवर बोट ठेवून स्वतःशीच म्हणाली, “बाटी.” धम्मप्रियानं तो शब्द फळ्यावर लिहिला, पुढं ‘म्हणजे’ लिहिलं, आणि त्यापुढं ‘भाकरी’. त्या दिवसापासून वर्गाचा नियम झाला. घरचा शब्द आधी, पुस्तकातला मागून, मधे ‘म्हणजे’. बाटी म्हणजे भाकरी. याडी म्हणजे आई. दस्ती म्हणजे रुमाल. आता हा दस्ती तर एकट्या तांड्याचाही नव्हता, तो निजामाच्या काळापासून सगळ्या मराठवाड्याच्या खिशात राहिलेला शब्द. धम्मप्रियाच्या चाकूरच्या घरीही रुमाल कुणी म्हणत नसे. त्या एका ‘म्हणजे’वरून लेकरं बोलायला लागली, भांडायला लागली, आणि मग वाचायलाही लागली.

पाहणीच्या दिवशी शिक्षकानं वर्गाबाहेर थांबायचं होतं. ती खिडकीशी होती. टॅबवाला मुलगा बिचारा सभ्य होता, पण त्याला अजून दोन तांडे गाठायचे होते. पहिलं चित्र रुमालाचं आलं. समीक्षा म्हणाली, “दस्ती.” मुलानं चुकीच्या फुलीवर बोट टेकवलं, त्याबरोबर चित्र पालटलं आणि भाकरी आली. तेवढ्यात पोरीच्या तोंडून राहिलेलं उत्तर आलं, “म्हणजे रुमाल.” भाकरीला रुमाल म्हणते म्हणून त्यानं दुसरी फुली मारली. आता चित्र आईचं होतं आणि पोरगी म्हणत होती, “बाटी.” तिसरी फुली. ती चुकत नव्हती. ती एक चित्र मागं होती, आणि दर उत्तरागणिक आणखी मागं पडत होती. धम्मप्रियानं खिडकीचा गज वाजवला, तेव्हा मुलगा हात जोडून म्हणाला, “मॅडम, तुम्ही बोललात तर मला ‘हस्तक्षेप’ लिहावं लागेल.”

निकालात शाळा सगळ्यात खालच्या ‘क’ श्रेणीत गेली, नोटीस निघणार असं कळलं, तेव्हा तिनं केंद्रप्रमुख संगप्पा सरांना फोन केला. त्यांच्या हाताखाली आसपासच्या दहाबारा शाळा होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “अपील न्हाई म्याडम यात. पुढच्या टायमाला लेकरांना सरळ पुस्तकातलं म्हणायला लावा. दस्ती घरी, शाळेत रुमाल. कशाला डोक्याला ताप.”

गाडी नांदेडला लागली. सभागृहापुढं मोठी रांगोळी होती आणि कमानीवर लिहिलं होतं, ‘आपला जिल्हा, वाचता जिल्हा’. खोटं काही नव्हतं त्यात. जिल्हा शोधायचा तर राज्याची यादी खालून वाचा, असं इतकी वर्षं म्हणत. यंदा तो वरच्या ओळींत होता. देगलूरकडच्या शिक्षिका मंजुश्री हलकुडेच्या वर्गातली लेकरं घरी तेलुगू बोलत आणि शाळेत मराठी गोष्टी धडाधड वाचत. तिच्या शाळेला पहिली ढाल होती. किनवटच्या जंगलातल्या एका वसतिगृहात रात्रीच्या जेवणाआधी एका लेकरानं पेपर मोठ्यानं वाचायचा आणि मगच ताटं मांडायची, अशी रीत पडली होती. त्यांनाही ढाल होती. शिक्षक एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते, कमानीखाली फोटो काढत होते. धम्मप्रियाला मनापासून आनंद झाला.

दारातच श्रीमंत गुरुजी भेटले. पळसतांड्याच्या पुढच्या वाडीवरचे, पुढच्या महिन्यात रिटायर होणारे. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि मागं नव्या लुगड्यातल्या पार्वतीबाई.

“गुरुजी, काकू पण आल्या?”

“हाव. पत्रात गौरव समारंभ लिहिलंय. हिला म्हणलं चल, सगळी नोकरी डबे भरण्यात गेली तुझी, एकदा तरी बघशील काय असतंय ते.”

“मी म्हणलं, ह्यांचा कशाचा गौरव,” पार्वतीबाई पदर सारखा करत म्हणाल्या. “तर म्हणले, बोलवलंय म्हणल्यावर काहीतरी असंलच.”

गुरुजींचं नाव कागदावर दुसरं होतं. त्यांच्या वाडीवरची निम्मी घरं पाहणीच्या वेळी मिरची तोडायला तेलंगणात गेली होती. गैरहजर लेकरू म्हणजे न वाचणारं लेकरू, असा हिशेब लागला आणि शाळा ‘क’मध्ये गेली. त्यांना पत्रासोबतचा दुसरा कागद कुणी दाखवलाच नव्हता. धम्मप्रियाच्या जिभेवर आलं, पण पार्वतीबाई कमानीकडं बघत होत्या. ती म्हणाली, “मागच्या ओळीत पंखा आहे. तिथं बसा.”

स्टेजच्या मागच्या खोलीत शिक्षण विभागाचे मठपती साहेब चहा पीत होते. माणूस उदगीरचा, अंगानं जाड, कामाला वाघ. जिल्ह्यातली एक शाळा पाहायची राहिली नव्हती त्यांची. कपाळावरचा घाम तळव्यानं निपटत ते संगप्पा सरांना म्हणाले, “ओ संगप्पा, दस्ती राहिली बघा गाडीत. मागवा की.”

धम्मप्रियानं कागद घट्ट धरला. “साहेब, एक विचारू? नावं वाचायची ओळ गाळली तर चालेल का?”

“का बरं?”

“गौरव समारंभ आहे. लोक घरच्यांना घेऊन आलेत.”

साहेबांनी बशी खाली ठेवली. “म्याडम, मला शौक न्हाई. दर सोमवारी वरचे साहेब मीटिंगच्या पडद्यावर येतात आणि नाव घेऊन इचारतात. तितं मी पण उभाच असतो. मला कोन खुर्ची देतंय? उभं राहिल्याशिवाय मानूस हलत न्हाई, असं त्यांचं म्हननं.”

“आणि तुमचं?”

“माझं म्हननं कोन इचारून राहिलंय?” ते हसले. मग त्यांची नजर तिच्या कागदावर गेली. “तुमचं पन हाय वाटतं त्यात. मग तेवढ्यापुरता माइक दुसऱ्याकडं देऊ का?”

क्षणभर तिला ते हवंहवंसं वाटलं. दुसऱ्यानं वाचावं, आपण गर्दीत बसावं, उठावं, खाली बसावं, संपलं. पण दुसऱ्यानं वाचलं तर तो सगळी नावं वाचणार. “नको,” ती म्हणाली. “मीच वाचते.”

बाहेर पडताना संगप्पा सर कानाशी लागले. “लई मनावर घेऊ नका म्याडम. पटापटा वाचायचं, पानी पिल्यासारखं. लोकांचं ध्यान जेवनाकडंच असतंय.”

कार्यक्रम रंगला. ढाली दिल्या गेल्या, टाळ्या पडल्या, वसतिगृहातल्या एका मुलीनं स्टेजवर त्या दिवसाचा पेपर वाचून दाखवला तेव्हा सभागृह उभं राहिलं. धम्मप्रियाचा आवाज कुठं अडखळला नाही. शेवटची ढाल गेली आणि तिनं कागद उलटला. ओळ आली होती.

पुढच्या रांगेत साहेब गाडीतून आलेल्या रुमालानं मान पुसत होते. शेवटच्या रांगेत पंख्याखाली दोन पांढरे ठिपके दिसत होते, गुरुजींचा शर्ट आणि पार्वतीबाईंचं डोकं.

कसं करायचं ते तिनं ठरवलं नव्हतं. कमरेला खोचलेला स्वतःचा रुमाल तिनं काढला आणि चार बोटांत धरून वर केला.

“पुढं जाण्याआधी सभागृहाला एक प्रश्न. हे काय आहे? मोठ्यानं सांगा.”

शिक्षकच ते, प्रश्न आला की उत्तर देणारच. मागून लाट यावी तसा आवाज आला, “दस्ती.” पुढच्या खुर्च्यांवरून दोन-चार ‘रुमाल’ उशिरा आले, पण ते त्या लाटेत बुडाले.

“पहिलं उत्तर धरलं जातं,” धम्मप्रिया म्हणाली. “दस्ती चूक. अख्खं सभागृह ‘क’ श्रेणीत.”

हशा झाला. कुणीतरी मागून म्हणालं, “मग जेवन न्हाई का आमाला?” पुन्हा हशा. तो विरू दिला तिनं. मग समीक्षाची गोष्ट सांगितली, माइकवर बातमी वाचावी तशी, आवाज न चढवता. दस्ती, फुली. म्हणजे रुमाल, फुली. बाटी, फुली. शेवटच्या फुलीला कुणी हसलं नाही.

“आता कागदावर आहे ते वाचते. ‘क’ श्रेणीतील शाळा. पळसतांडा. मुख्याध्यापिका धम्मप्रिया सोनकांबळे.” तिनं मान वर केली. “त्या उभ्या आहेत.”

मागं श्रीमंत गुरुजींना आता सगळं कळलं होतं. पुढच्या खुर्चीच्या पाठीवर हात टेकून ते उठायला लागले होते, अर्धे वाकलेले, आयुष्यभर वरून आलेला आदेश पाळलेल्या माणसासारखे. पार्वतीबाई त्यांच्याकडं बघत होत्या. ह्यांचं नाव येतंय वाटतं, म्हणून त्या हसत होत्या आणि टाळीसाठी हात जवळ आणले होते.

“बाकीच्यांनी बसून घ्यावं,” धम्मप्रिया म्हणाली. “त्यांचं उत्तर अजून पूर्ण झालेलं नाही. मी साहेबांना विनंती करते, त्यांनी मार्गदर्शन करावं.”

टाळ्या पडल्या नाहीत. गुरुजी हळूच खाली बसले. मठपती साहेब मात्र बसूनच होते, वेळ लागला त्यांना उठायला. स्टेजवर येईपर्यंत चेहरा असा होता की संगप्पा सरांनी भिंतीकडं तोंड केलं. माइकपुढं येऊन त्यांनी कपाळ पुसलं आणि सभागृहात कुठंतरी खसखस पिकली. साहेबांनी हातातल्या रुमालाकडं पाहिलं.

“हसा,” ते म्हणाले. “दस्तीच हाय.”

मग जी टाळी पडली ती थांबेना. साहेबांनी पुढं भाषण केलं ते ठरलेलंच, कष्टाचं, अभिमानाचं, पुढच्या वर्षी पहिला नंबर आणायचं. ‘क’ श्रेणीचा शब्द त्यांनी काढला नाही.

जेवणाच्या वेळी त्यांनी तिला बोलावून घेतलं. ताटातली पुरी तशीच होती.

“भर सभेत मला परीक्षेला बसवलं तुमी.”

“चूक झाली असेल तर—”

“तसं न्हाई म्हनलो मी.” ते म्हणाले. “नोटिसा तर निघाल्यात. त्या माघारी घेनं माझ्या हातात न्हाई. फेरतपासनी माझ्या हातात हाय. उद्या मी येतो तुमच्या तांड्यावर. सोता. टॅब घेऊन.”

“आणि बाकीच्या शाळा, साहेब? श्रीमंत गुरुजींची?”

“तुमची शाळा टिकली तर मला वर लिहिता येतंय. की बाबा, लेकराचं पुरतं ऐकून घ्या, मिरचीला गेलेल्या लेकराला नापास धरू नका. पुरावा पायजे ना हातात. न्हाई टिकली तर मी काय लिहू, म्याडमनी दस्ती दाखवली म्हनून?” त्यांनी पुरी मोडली. “आनी एक ध्यानात ठेवा. चित्रं तीच, नियम तोच. पहिलं उत्तर. माझ्या तोंडाकडं बघून यंत्र बदलत न्हाई.”

संगप्पा सर तिला सोडायला फाटकापर्यंत आले. त्यांचा जीव भांड्यात पडला होता. “वाचलात तुमी, म्याडम. आन् सोप्पं करून दिलं साहेबांनी. आता एक फोन लावा तांड्यावर. पोरीला म्हनावं, उद्याच्या दिवस सरळ रुमाल म्हन. झालं की. परवापासून हायेच तुमचं दस्ती-बाटी.”

“आणि मग पुरावा कशाचा होईल, सर?”

“कशाचा का होईना. शाळा वर तर येईल. गुरुजींचं पन भलं होईल.”

संध्याकाळच्या गाडीत जागा मिळाली तरी ती बसली नाही, दाराशी उभी राहिली. समोरून शेतं मागं सरकत होती, कापसाची, तुरीची. सर चुकीचं बोलले नव्हते. एक शब्द पुढं-मागं केला तर तिची नोटीस जात होती, गुरुजींची जात होती, आणि कोण जाणे, मिरचीला जाणाऱ्या किती लेकरांवरची फुली. आणि समीक्षाला एवढंच कळणार होतं की घरचा शब्द घरी ठेवायचा असतो. पाहुणे आले की झाकायचा असतो. पुन्हा ती भिंतीला टेकून बसलेली लेकरं धम्मप्रियाला दिसायला लागली. तिनं फोन काढला, ठेवला, पुन्हा काढला.

हिमायतनगर आलं. यापुढं जंगल, रेंजचा भरवसा नाही. तिनं समीक्षाच्या आजीचा, पारूबाईचा नंबर लावला.

“बाई व्हय? जेवलात का?” पारूबाईनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता हाक मारली. फोन पोरीकडं गेला.

“बाई, मी चुलीम्होरं हाय.”

“बरं. ऐक समीक्षा. उद्या एक मोठे साहेब येणार आहेत. टॅबवर चित्रं दाखवतील.”

पोरीनं विचारलं, “मागच्या टायमाला मी चुकले व्हते ना?”

“नाही. तो दादा पुढं निघून गेला होता.”

“मंग आता कोनता शब्द आधी म्हनू?”

धम्मप्रियानं दाराचा दांडा धरला. यंत्र बदलत नाही, साहेब म्हणाले होते. पण त्या दिवशी खिडकीतून तिनं जे पाहिलं होतं त्यात यंत्रानं स्वतःहून काही केलं नव्हतं. बोट टेकल्यावर चित्र पालटत होतं. बोट माणसाचं होतं.

“घरचा,” ती म्हणाली. “रोजच्यासारखा.”

“आन् साहेबानं लगेच बटन दाबलं तर?”

“दाबायच्या आधी म्हणायचं, साहेब, थांबा. माझं झालं नाही अजून.”

तिकडं बारीक हसू फुटलं. “साहेबाला थांबा म्हनू?”

“हो.”

“रागं भरले तर?”

भरलेही असते. धम्मप्रियाला त्या माणसाचा चेहरा आठवला, आधी माइकपुढचा, मग पुरी मोडतानाचा, आणि त्यातला खरा कोणता हे तिला सांगता आलं नसतं. “मी असेन ना दाराशी,” ती म्हणाली. “उभीच असेन. आता म्हणून दाखव बरं.”

“साहेब, थांबा.”

“ऐकू नाही आलं.”

“साहेब, थांबा,” पोरगी ओरडली, आणि मागं पारूबाई कुणावर ओरडतीस गं म्हणाल्याचं ऐकू आलं. “माझं झालं न्हाई अजून. दस्ती म्हन्जे—”

झाडं दोन्ही बाजूंनी जवळ आली आणि आवाज तुटला. धम्मप्रियानं फोन कानापासून काढला नाही. रेंज आली की आधी राहिलेला शब्द ऐकून घ्यायचा, मग बाकीचं बोलायचं, असं ठरवून ती तशीच उभी राहिली.